चाहूल किती द्यावी

ऑनलाइन गेममधल्या लढतींत स्टेल्थवरून, म्हणजे अदृश्य होऊन लपण्याच्या क्षमतेवरून, जेवढी भांडणं होतात तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या क्षमतेवरून होत असतील. त्या भांडणात तीन निराळ्या तक्रारी एकात एक मिसळलेल्या असतात. ‘कुणी मारलं तेच कळलं नाही’ ही पहिली. ‘हातात आला होता आणि डोळ्यांदेखत नाहीसा झाला’ ही दुसरी. तिसरी स्टेल्थ खेळणाऱ्याची असते: ‘समोरच्यानं एक स्वस्तातली वस्तू घेतली आणि माझं अख्खं पात्र निकामी झालं.’ पहिली तक्रार हल्ल्याच्या सुरुवातीची, दुसरी सुटकेची, तिसरी काउंटरच्या, म्हणजे लपलेल्यावरच्या तोडग्याच्या, किमतीची. पॅचमध्ये (खेळाच्या अपडेटमध्ये) मात्र बहुतेक वेळा तिन्हींवर एकच औषध मिळतं, डॅमेज, म्हणजे वारानं होणारं नुकसान, दहा टक्क्यांनी कमी. मग कुणाचंच समाधान होत नाही, कारण यातली एकही तक्रार मुळात डॅमेजची नसते. एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही, या तफावतीची ती तक्रार असते. काउंटर म्हणजे ती माहिती मिळवण्याची सोय. ती किती किमतीला मिळते, किती वेळ टिकते आणि ती मिळवली गेल्याचं लपलेल्याला कळतं की नाही, या तीन प्रश्नांवर सगळा बॅलन्स उभा राहतो.

आधी पहिली तक्रार घेऊ, कारण तिचं गणित कागदावर मांडता येतं. समजा पात्र सेकंदाला ६ मीटर धावतं आणि लपलेलं असताना वेग ७० टक्के, म्हणजे ४.२ मीटर. जवळच्या हत्याराचा पल्ला २ मीटर. डिझायनरनं ठरवलं की ४ मीटरच्या आत आलेला लपलेला खेळाडू दिसेल. म्हणजे दिसल्यापासून वार होईपर्यंत त्याला २ मीटर कापायचे आहेत, ०.४८ सेकंद. त्यातून नेटवर्कचा वाटा वजा करा. ८० मिलिसेकंद पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) असेल तर सर्व्हरकडून बातमी यायला ४० आणि बटण दाबल्याची खबर परत जायला ४०. सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवत असेल, म्हणजे २० वेळा हिशेब करत असेल, तर आणखी ५० पर्यंत. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून क्लायंट (खेळाडूच्या यंत्रावरचा प्रोग्राम) साधारण १०० मिलिसेकंद मागचं चित्र दाखवतो, तेही धरा. झाले २३०. उरले २५० मिलिसेकंद. समोर दिवा लागणार आहे हे माहीत असलेला माणूस बोट हलवायला साधारण एवढाच वेळ घेतो. भर लढाईत अनपेक्षित लुकलुक टिपायची, ती शत्रूची आहे हे ओळखायचं, वळायचं आणि योग्य बटण शोधायचं, याला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे कागदावर ४ मीटरचा काउंटर आहे, खेळात तो नाहीच.

दिसण्याची हीच त्रिज्या ८ मीटर केली तर ६ मीटर कापायला १.४३ सेकंद लागतात आणि नेटवर्क वजा जाता १.२ सेकंद हातात राहतात. एवढ्यात माणूस वळतो आणि एक निर्णय घेतो. १२ मीटर केली तर लांबून मारणारी पात्रं लपलेल्याला जवळ पोचूच देत नाहीत. या वेगाच्या खेळात योग्य आकडा ७ ते ९ मीटरच्या आसपास पडतो. पण गोची अशी, की पुढच्याच पॅचमध्ये कुणीतरी लपलेल्याला दीडपट वेग देणारी क्षमता आणतं. वेग ६.३ होतो आणि तेच १.२ सेकंद ०.७२ वर येतात. त्रिज्या कुणी बदललेली नसते, काउंटरचा वेळ मात्र चाळीस टक्क्यांनी घटलेला असतो. म्हणून डिझाइनच्या तक्त्यात त्रिज्या मीटरमध्ये न लिहिता ‘दिसल्यापासून वारापर्यंत किती सेकंद’ असं लिहावं आणि वेगाचा प्रत्येक बफ (वाढ) त्या रकान्यातून तपासून घ्यावा.

दिशेचंही तसंच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाळत समोरून चांगली लागते, पाठीमागून जवळजवळ नाहीच. त्यामुळे लपलेल्याला कुठून यायचं याचा विचार करावा लागतो आणि सावध खेळाडूला अधूनमधून कॅमेरा नव्हे, अंग वळवायचं कारण मिळतं. सगळीकडून सारखंच दिसणारं वर्तुळ ठेवलं की दोघांचाही हा विचार संपतो.

पहिल्या वाराचं बजेट हा यापुढचा मुद्दा. माझा नियम असा आहे, की बळी पडणाऱ्याला पहिलं बटण दाबता येईपर्यंत त्याचं ४० टक्क्यांहून जास्त आयुष्य जाऊ नये. १०,००० हेल्थ धरा. ओपनर (लपून केलेला पहिला वार) २,२००, स्टन (बळी काहीच करू शकत नाही तो वेळ) २.५ सेकंद, त्या वेळात सेकंदाला ७०० प्रमाणे १,७५०. बेरीज ३,९५०, बजेटात बसलं. आता दोन लपलेले एकदम तुटून पडले तर ७,९००. अडीच सेकंदांत सामना संपल्यात जमा. एकास एक तपासलेले आकडे इथेच फसतात आणि ‘कुणी मारलं तेच कळलं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या जोडीमुळे येते. यावर ओपनर सरसकट कमी करणं हा चुकीचा उपाय, त्यानं एकटा खेळणारा मरतो. त्यापेक्षा अट घालावी: ज्याच्यावर गेल्या दोन सेकंदांत वार झालेला आहे त्याच्यावर ओपनरचा जादा डॅमेज लागू नाही. दुसऱ्याचा ओपनर ९०० वर येतो, बेरीज ६,६०० होते. जोडी अजूनही घातक आहे, पण बळी जिवंत राहून एक उत्तर देऊ शकतो. स्टनच्या साखळीचंही तेच. वॉरक्राफ्टच्या क्लासिक रूपात चीप शॉट (लपून मारायचा स्टन) ४ सेकंद आणि पाच पॉइंट साठवून मारलेला किडनी शॉट (उघड्यावरचा स्टन) ६ सेकंद. लागोपाठ मारले तर खेळाडू दहा सेकंद नुसता पाहत बसतो, कारण तिथे दोघांची डिमिनिशिंग रिटर्न्सची (तोच परिणाम लागोपाठ बसला की त्याचा वेळ घटवण्याच्या नियमाची) खाती वेगळी होती. लपून मारलेला आणि उघड्यावर मारलेला स्टन एकाच खात्यात टाकले की तेवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

आता काउंटरकडे. काउंटर म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की दाबलं आणि लपलेला उघडा पडला. तसा काउंटर ठेवला की खेळ बटण कुणाकडे आहे एवढ्यावर येतो. असलं तर स्टेल्थ फुकट, नसलं तर स्टेल्थ अजिंक्य. मधली जागा चाहुलीची. कुणीतरी आहे एवढं कळावं, कुठे ते शोधावं लागावं. हेलो: रीचमधला अ‍ॅक्टिव्ह कॅमो (अदृश्य करणारं साधन) याचा उत्तम नमुना आहे. तो वापरला की आसपासच्या सगळ्यांचा मोशन ट्रॅकर (जवळची हालचाल दाखवणारं रडार) खोट्या ठिपक्यांनी भरून जातो, वापरणाऱ्याचासुद्धा. शत्रूला धोका कळतो, दिशा कळत नाही आणि लपणाराही स्वतःचं रडार गमावून किंमत देतो. रेनबो सिक्स सीजमधला व्हिजिल हा बचावपटू शत्रूच्या टेहळणी ड्रोनच्या चित्रातून पुसला जातो, पण तो जवळ असताना चित्र खराब होतं. ड्रोन चालवणारा लगेच समजून जातो. हिरोज ऑफ द स्टॉर्मनं २०१८ च्या बदलांत लपलेल्या पात्रांभोवतीची लुकलुक जास्त ठळक केली आणि दीड सेकंद जागेवर स्थिर राहिलं तरच पूर्ण अदृश्यता दिली. चालत फिरणाऱ्याला डोळस खेळाडू पकडू शकतो, दबा धरून बसलेल्याला नाही, आणि बसून राहण्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

चाहूल दृश्य असेल तर एक पथ्य पाळावं. लुकलुक काढणारा शेडर (पडद्यावर चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम) ग्राफिक्सच्या सेटिंगवर अवलंबून ठेवू नये. कमी सेटिंगवर ती एक तर गायब होते किंवा काचेच्या तुकड्यासारखी ठसठशीत दिसते. दोन्हीत निकाल कौशल्याऐवजी मेन्यूतल्या एका पट्टीवर जातो. तीन पार्श्वभूमी घ्या, उजेडातली वाळू, गर्द झाडी, अंधारी खोली. प्रत्येकीवर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सेटिंगला ५, ८ आणि १२ मीटरवरून चित्र काढून शेजारी ठेवा. एका दुपारचं काम आहे आणि रिलीजनंतरचे दोन पॅच वाचतात. चाहूल आवाजाची असेल तर तिला जोड म्हणून पडद्याच्या कडेला दिशादर्शक खूण हवीच. ज्यांना ऐकू येत नाही, किंवा जे आवाज बंद करून खेळतात, त्यांच्यासाठी एरवी तो काउंटर अस्तित्वातच नसतो.

लीग ऑफ लेजंड्सनं २०१६ च्या अखेरीस स्टेल्थचे दोन प्रकार केले. या विषयातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय हाच. कॅमोफ्लाज म्हणजे दीर्घकाळ लपून फिरणं. त्यात शत्रूच्या जवळ गेलं की उघडं पडायला होतं आणि कंट्रोल वॉर्डही (जमिनीवर ठेवायचं टेहळणीचं साधन) ते उघड करतो. इन्व्हिजिबिलिटी म्हणजे लढाईत क्षणभर नाहीसं होणं. तिला ना जवळीक उघड करते, ना वॉर्ड. वरवर वाटतं, की दुसरा प्रकार जास्त बलवान. पण तो इतका आखूड असतो, की त्याचा काउंटर वस्तूत नसून अंदाजात असतो. कुठे गेला असेल तिथे वार टाकायचा. यामुळे तिसरी तक्रारही निवळली. आधी एकच वॉर्ड टेहळणीसाठी लपून फिरणाऱ्यालाही मारायचा आणि लढाईतल्या एका सेकंदाच्या हुलकावणीलाही. दोन वेगळ्या गोष्टींना एक काउंटर लावला, की कमजोर गोष्ट आधी मरते.

याच खेळातल्या एव्हलिन या पात्राचं उदाहरण याच्याच शेजारचं. २०१७ च्या तिच्या नव्या रूपात कॅमोफ्लाज सहाव्या लेव्हलपासून मिळू लागलं. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांत विरोधकांकडे सोनंही थोडं असतं, कंट्रोल वॉर्डही. त्या काळात कायमची अदृश्यता दिली तर काउंटर परवडायच्या आतच एक बाजू कोसळते. क्षमता केव्हा मिळते आणि काउंटर केव्हा परवडतो, ही दोन टोकं एका रेषेवर आणावी लागतात.

किंमत ठरवण्यात डोटा २ इतका विचार फार थोड्या खेळांनी केला आहे. सेंट्री वॉर्ड एका जागी ठेवला की तिच्या आसपासचे अदृश्य शत्रू दाखवतो. डस्ट ही भुकटी आसपास उधळली की अदृश्य शत्रू १२ सेकंद दिसतो. जेम ऑफ ट्रू साइट सतत दाखवतो, पण त्याला ९०० सोनं पडतं आणि घेणारा मेला की जेम जमिनीवर पडतो, मग शत्रू उचलून नेतो. एक जागेला बांधलेला, दुसरा वेळेला, तिसरा जोखमीला. लपणाऱ्याला प्रत्येकाविरुद्ध निराळी चाल खेळता येते. वॉर्ड शोधून फोडायचा, डस्ट वाया घालवायला लावायची, जेमवाल्याला आधी गाठायचं. काउंटरलाही काउंटर असावा असं मी म्हणतो ते याच अर्थानं. उलट टोकाला मूळचा स्टारक्राफ्ट आहे. त्यात झर्ग या जमातीला ओव्हरलॉर्ड लोकसंख्येसाठी बांधावाच लागतो आणि तोच डिटेक्टरही (लपलेलं दाखवणारा) असतो. झर्गविरुद्ध लपण्याचे डाव त्यामुळे जन्मतःच अधू. स्टारक्राफ्ट २ मध्ये ओव्हरलॉर्डकडून ते काम काढून घेतलं आणि त्याचा ओव्हरसीअर करायला वेगळा खर्च लावला. फुकट मिळणाऱ्या काउंटरवर कुणाला विचार करावा लागत नाही. तो लपणाऱ्यासाठी न दिसणारा नर्फ (कपात) असतो.

काउंटर एखाद्या क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) खिशात ठेवायचा की सगळ्यांना द्यायचा? टीम फोर्ट्रेस २ मध्ये पायरोच्या ज्वाळा लपलेल्या स्पायला पेटवतात आणि ते चालून जातं, कारण तिथे सामन्याच्या मध्यावर क्लास बदलता येतो. शिवाय पायरो नसला तरी स्पायला धडकलं की तो क्षणभर झळकतो. म्हणजे तळाचा एक काउंटर प्रत्येकाच्या अंगातच आहे. वॉरक्राफ्टच्या अरेनामध्ये (छोट्या संघांच्या सामन्यांत) आत गेल्यावर क्लास बदलता येत नाही. दोन्ही संघांत लपणारे असतील तर कुणीच पहिला बाहेर येत नाही आणि सामना गोठतो. म्हणून तिथे काही वेळानं मैदानात लपलेले दाखवणारे शॅडो साइटचे गोळे उगवतात. ते घ्यायला उघड्यावर ठरलेल्या जागी जावं लागतं. ज्या खेळात संघ आधीच ठरतो तिथे काउंटर मैदानात ठेवावा, क्लासमध्ये नव्हे.

वेळेची मर्यादा काढली की किंमत दुसरीकडे हलवावी लागते. ओव्हरवॉचमध्ये २०१६ साली आलेल्या सोम्ब्राची अदृश्यता आधी काही सेकंदांची होती. २०१८ साली ती अमर्याद केली, पण त्याबरोबर लपलेलं असतानाचा वेग कमी केला आणि लपून राहून जागा अडवता येणार नाही असं ठरवलं. हा दुसरा भाग लोक विसरतात. जागा ताब्यात घेण्याच्या खेळात लपलेला माणूस जागेवर मोजला जात असेल, तर त्याला लढायची गरजच उरत नाही. मोजणी बंद केली की त्याला निवड करावी लागते. वॉरक्राफ्टच्या झेंडा पळवण्याच्या बॅटलग्राउंडमध्येही झेंडा हातात असताना लपता येत नाही, लपलं तर झेंडा पडतो.

आणखी एक काउंटर आहे, जो कुणालाच विकत घ्यावा लागत नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये लपलेल्यानं वार केला की त्याच्यावर काही सेकंद ‘रिव्हील्ड’ हा डाग बसतो आणि तेवढा वेळ पुन्हा लपता येत नाही. वार, लपणं, वार, लपणं ही चक्की त्यामुळे थांबते. मात्र याच खेळात सुरुवातीला एक तांत्रिक घोळ होता. मोठ्या लढायांत गर्दीतली सगळी पात्रं सर्व्हर एकदम पाठवत नसे. लपलेला थीफ (लपण्यात तरबेज क्लास) बाहेर आला तरी समोरच्याच्या पडद्यावर त्याचं शरीर उमटायला जादा वेळ जायचा. नियमानं तो उघडा असायचा, पडद्यावर नसायचा. मार्च २०१३ मध्ये ही पात्रं गाळण्याची, कलिंगची, पद्धत त्या मोठ्या लढायांतून काढली. आकड्यांना हात लावण्याआधी हे पाहायला हवं, की खेळाडूला दिसणारी अदृश्यता नियमातल्या अदृश्यतेएवढीच आहे का.

इथून दुसऱ्या तक्रारीकडे, लढाई चालू असताना नाहीसं होण्याकडे येऊ. याचं खरं काम सर्व्हरवरच्या क्रमात आहे. बटण दाबलं तेव्हा तीन गोष्टी हवेत असतात: सुटलेला बाण, अंगावर चढलेला डॉट (थोडाथोडा होत राहणारा डॅमेज) आणि त्याच टिकमध्ये आलेला शत्रूचा वार. यांतली एकही गोष्ट अदृश्यता मोडत असेल, तर खेळाडूच्या दृष्टीनं बटण चाललंच नाही आणि त्याचा कूलडाउन (पुन्हा वापरता येईपर्यंतची वाट) मात्र माथी बसला. वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये २०१९ साली जुन्या काळचं स्पेल बॅचिंग मुद्दाम परत आणलं होतं. सुमारे ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यात आलेल्या गोष्टी एकत्र सोडवल्या जायच्या, त्यामुळे व्हॅनिश (लढाईत नाहीसं होण्याची क्षमता) फुटणं ही नेहमीची रड होती. आधुनिक वॉरक्राफ्टनं सोपा मार्ग घेतला: व्हॅनिशनंतर पहिले तीन सेकंद डॅमेज बसतो, पण अदृश्यता मोडत नाही. मी क्रम असा लावेन. आधी सगळ्यांचं टार्गेट सोडवायचं, पाळीव प्राण्यांचं आणि बॉटचंही. मग हवेतल्या वस्तूंना शेवटच्या दिसलेल्या जागी जाऊ द्यायचं, माणसामागे वळू द्यायचं नाही. मग अर्ध्या ते एका सेकंदाची सवलत, तेवढ्यात वार बसला तरी अदृश्यता मोडायची नाही. आणि शेवटी सर्व्हरवर ‘अदृश्य’ अशी खूण लावायची. पाळीव प्राणी विसरणं हा सर्वांत जास्त होणारा बग आहे. मालकाला शत्रू दिसत नाही, पण त्याचा लांडगा बरोबर त्याच दिशेला धावत जातो.

सवलत मोठी ठेवली तर दुसरी तक्रार वाढते, हे उघड आहे. तिथे सवलत कापण्यापेक्षा सुटल्यानंतर काय मिळतं ते कापावं. लपून हेल्थ भरून यायला लागली, की प्रत्येक लढाई शून्यावरून सुरू होते आणि समोरच्यानं मिळवलेलं सगळं पुसलं जातं. आठ-दहा सेकंद हीलिंग थांबवा, सुटका ठेवा. सुटणाऱ्याचा जीव वाचतो, मारणाऱ्यानं काढलेली हेल्थ लगेच परत येत नाही.

चीटिंगचा भाग थोडक्यात सांगतो. लपलेल्याची जागा क्लायंटला पाठवून फक्त चित्र लपवलं असेल, तर ती जागा वाचणारं चीट कुणीतरी लिहिणारच. व्हॅलोरंटचा फॉग ऑफ वॉर शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा पाठवतच नाही. स्टेल्थलाही तेच लागू करावं आणि पावलांचे आवाज, कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद), धुळीचे पार्टिकल्स यांतून जागा गळत नाही ना ते पाहावं. याचा एक तोटा आहे. क्लायंटला शरीर माहीतच नसेल आणि सर्व्हरवर मात्र ते वाटेत उभं असेल, तर त्याला धडकणारा खेळाडू रबरासारखा मागे ओढला जातो. तेवढ्यानं लपलेला सापडतो. म्हणून एक तर लपलेल्यांची धडक बंद ठेवा, किंवा टीम फोर्ट्रेसप्रमाणे धडक हाच अधिकृत काउंटर करा. मधलं काही ठेवू नका.

आकडे वाचताना एका गोष्टीनं फसायला होतं. स्टेल्थ पात्रांचा विजयदर नवशिक्यांत फुगलेला असतो, कारण तिथे कुणी वॉर्ड लावत नाही. वरच्या पातळीवर तो उतरतो, कारण तिथे लपणाऱ्याच्या वाटा सगळ्यांना पाठ असतात. दोघांची सरासरी ५० टक्के आली म्हणून बॅलन्स झाला असं होत नाही. विजयदराऐवजी मी चार गोष्टी मोजेन: पहिली चाहूल आणि पहिला वार यांतलं अंतर, एकही बटण न दाबता झालेले मृत्यू, एका लढाईत किती वेळा लपून पुन्हा सुरुवात झाली, आणि काउंटर वापरल्यावर तो किती वेळा वाया गेला. नवशिक्यांत दुसरा आकडा जास्त असेल, तर डॅमेज नव्हे, चाहूल वाढवा. वरच्या पातळीवर काउंटर जवळजवळ कधीच वाया जात नसेल, तर तो स्वस्त झाला आहे. आणि एका पॅचमध्ये एकच खिट्टी फिरवा. त्रिज्या आणि कूलडाउन एकदम बदलले, तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

नवशिक्यांसाठी सर्वांत स्वस्त दुरुस्ती मेल्यानंतरच्या पडद्यावर होते. मारणाऱ्याचं नाव आणि डॅमेजची बेरीज तिथे असतेच, तिच्यासोबत त्याच्या शेवटच्या तीन सेकंदांची वाट दाखवा आणि त्या वाटेवर चाहूल केव्हा उमटली होती तिथे खूण करा. तीनच सेकंद. दहा सेकंद दाखवले तर लपणाऱ्याचा नेहमीचा अड्डा एका मृत्यूत उघड होतो आणि पुढच्या फेरीत विरोधी संघ तिथे आधीच जाऊन बसतो.